भेदाभेदाचा खेळ आणि आमची मुले

बुऱ्हाणपुराहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पत्र आले आहे. पत्र सात पानांचे असून रागाच्या भरात लिहिलेले आहे. आणि लिहिणारे गृहस्थ सहसा रागावणाऱ्यांपैकी नाहीत, म्हणून ते आम्हांस नेहमीच्या गठ्ठ्यात टाकता आले नाही. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त खकनारास असतात आणि नातू तेथीलच एका शाळेत पाचवीत शिकतो. त्या वर्गाच्या शिक्षकांनी कोठल्याशा शिबिरात एक खेळ पाहिला व तो वर्गात करून दाखविला. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत जन्मलेली मुले 'वरची' आणि उरलेली 'खालची'. खालच्यांनी मागे बसावयाचे, पाणी सर्वांच्या शेवटी प्यावयाचे, प्रश्नाचे उत्तर येत असले तरी हात वर करावयाचा नाही. दुसऱ्या दिवशी पारडे उलटे. पत्रलेखकांचा नातू पहिल्या दिवशी खालचा ठरला, घरी येऊन जेवला नाही, रात्री आईच्या कुशीत रडला. 'आमच्या घरात ज्या मुलास कधी जातपात ठाऊक नव्हती, त्याच्या मनात शिक्षकांनी विष कालविले', असे आजोबा लिहितात, आणि असल्या परदेशी थेरांविरुद्ध आम्ही लेखणी उचलावी अशी त्यांची आज्ञा आहे.

लेखणी आम्ही उचलली आहे; परंतु त्यांस हवे होते तसेच सर्व लिहिणे आम्हांस जमणार नाही, हे प्रथमच सांगून टाकतो.

कारण पत्राच्या पाचव्या पानावर एक वाक्य आहे, जे पत्रलेखकांनी सहज ओघात लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी नातू 'वरचा' झाला तेव्हा तो हसत घरी आला आणि आपण एका मुलाकडून दप्तर कसे उचलवून घेतले, हे त्याने सर्वांस रंगवून सांगितले. तो मुलगा, पत्रलेखकांच्याच शब्दांत, 'जंगलपट्टीतला एक कोरकू पोरगा' होता. आजोबांस पहिल्या दिवसाचे दुःख झाले आहे. आम्हांस दुसऱ्या दिवसाची चिंता वाटते. नातवाचा खेळ शाळेची घंटा झाली तेव्हा संपला. त्या कोरकू मुलाचा संपला काय? आणि त्याने पहिल्या दिवशी, आपण 'वरचा' असताना, कोणाकडून दप्तर उचलवून घेण्याचे धाडस केले असेल काय? पत्रात त्याविषयी अक्षर नाही. कोणी त्यास विचारलेही नसावे.

हा खेळ मुळात कोठला, हे वाचकांस सांगितले पाहिजे. ४ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेतील मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी आयोवा प्रांतातील राइसव्हिल नावाच्या लहानशा गावात जेन एलियट ह्या तिसरीच्या शिक्षिकेने आपल्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून दोन भागांत विभागणी केली. निळ्या डोळ्यांची मुले एकीकडे, तपकिरी डोळ्यांची दुसरीकडे. एका गटास मान व सवलती, दुसऱ्यास हीनपणा. आणि नंतर उलट. थोड्याच वेळात श्रेष्ठ ठरविलेली मुले उद्धट झाली व कनिष्ठ ठरविलेली बावरली, वाचनातसुद्धा चुकू लागली. १९७० साली ह्या प्रयोगाचा चित्रपट निघाला, १९८५ साली दुसरा निघाला, आणि तेव्हापासून तो जगभर शिक्षकांच्या शिबिरांतून फिरत आहे. त्या बाईंच्या धैर्याविषयी आम्हांस आदर आहे. गावकऱ्यांचा रोष त्यांनी सोसला, त्यांच्या मुलांसही तो सोसावा लागला. तथापि ज्या बालकांस पूर्वसूचना न देता रडविले त्यांचे काय, हा प्रश्न त्यांच्या देशातही अनेकांनी विचारला आहे, आणि तो गैरलागू नाही.

परंतु आमचा आक्षेप निराळा आहे. राइसव्हिलमधील वर्गात सर्व मुले गोरी होती. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यापैकी एकही मूल त्या खोलीत नव्हते. जे दुःख त्या गावापासून शेकडो मैल दूर होते, ते एक दिवसापुरते वर्गात आणून ठेवावे, हा त्या खेळाचा हेतू. आणि तेथे तो समजण्यासारखा आहे. खकनारात तसे नाही. येथे ते दुःख रोज सकाळी हजेरीच्या वेळी वर्गात येऊन बसते, कित्येकदा अनवाणी चालत येते. जेथे आग घरातच लागली आहे तेथे आग कशी असते हे दाखविण्यासाठी निराळी चूल पेटविण्याचे प्रयोजन काय? शिक्षकांनी जन्ममहिन्यांवरून वरचे-खालचे ठरविले; ज्यांस जन्मापासूनच खालचे ठरविलेले आहे ती मुले त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्या मुलांनी हा खेळ कसा पाहिला असेल, ह्याचा विचार त्यांच्या मनास शिवला नाही. शिवाय बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आपल्या सतराव्या कलमात शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई करतो. मूल एक दिवस जेवले नाही, एवढ्यावरून छळ झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे साधन कसलेही चालते, हा न्याय शिक्षकांस लागू पडत नाही.

इथवर पत्रलेखक आमच्यावर प्रसन्न असतील. आता त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो.

'मुलांस भेद ठाऊक नसतो, मोठी माणसे तो शिकवितात; म्हणून शाळेत ह्या विषयाचे नावही काढू नये.' हे वाक्य आम्ही देवळाच्या सभामंडपात, लग्नाच्या पंक्तीत व शिक्षण संस्थांच्या वार्षिक सभांत इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातला पहिला भाग खरा असूनही दुसरा भाग त्यातून निघत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मोठी माणसे शिकवितात, हे खरेच. ती पाळण्यापासून शिकवितात, आणि मूल पाचवीत जाईपर्यंत त्याचा अभ्यास पुरा झालेला असतो. कोणी नवा मनुष्य दारात आला की आमच्या कोंकणी घरांतून पहिला प्रश्न निघतो तो 'आमचीगेलो?' असा. आपल्यातला की बाहेरचा? आजी हा प्रश्न प्रेमाने विचारते, त्यात द्वेषाचा लवलेश नसतो. तरी दाराआड उभे असलेले चार वर्षांचे मूल त्यावरून जग दोन भागांत वाटून घेते. पत्रलेखकांच्या नातवास जातपात ठाऊक नव्हती, असे ते म्हणतात. मग वर्गातल्या सर्व मुलांमधून दप्तर उचलावयास त्याने नेमका तोच मुलगा कसा निवडला?

ह्याविषयी केवळ आमचे मत म्हणून सांगतो असे नाही. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे ह्या दोन अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांस कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. २००४ च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जातीचा उच्चार न करता कोडी दिली तेव्हा उच्च मानलेल्या जातींची मुले व खालच्या मानलेल्या जातींची मुले बरोबरीने उतरली. परंतु सर्वांसमक्ष मुलाचे नाव, गाव व जात वाचून दाखविल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच आणि बुद्धीही तीच. मधे आला तो मोठ्याने उच्चारलेला एक शब्द. आता आमच्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी मनाशी विचार करावा. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की वर्गात उभे राहून 'अमक्या जातीच्या मुलांनी हात वर करा' असे आपण कितीदा म्हटले आहे? त्यात दुष्टावा नसतो, काम लवकर उरकावे एवढाच हेतू असतो. परंतु त्यानंतरच्या तासाला ज्या मुलास गणित जमले नाही, त्याच्या प्रगतिपुस्तकावर आपण 'मंद' असा शेरा मारतो.

खकनार कसे आहे, हे आमच्या कोंकणपट्टीतील वाचकांस बहुधा ठाऊक नसेल. बुऱ्हाणपूर हा २००३ साली खंडव्याच्या पूर्व निमाड जिल्ह्यातून निराळा झालेला जिल्हा; खकनार ही त्यातील तहसील, सातपुड्याच्या अंगाखांद्यावर पसरलेली. देडतलाईवरून पुढे गेले की धारणी, म्हणजे आपले मेळघाट. बाजारात मराठी, हिंदी, निमाडी सर्व चालते. डोंगरात कोरकू, बारेला, भिलाला, निहाल ह्यांच्या वस्त्या आहेत. कोरकू भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हे अनेकवचन. म्हणजे जे लोक स्वतःस नुसते 'माणसे' म्हणवितात, त्यांस आम्ही जंगली म्हणतो. ह्या भाषेचे नाते मराठीशीही नाही आणि तेलुगूशीही नाही; ते आहे पूर्वेकडील संथाळी-मुंडारीशी. घरी कोरकू बोलणारे सहा वर्षांचे मूल हिंदी शाळेत येते, त्यास एक शब्द कळत नाही, ते गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्यास आपण निर्बुद्ध समजतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. शक्य तेथे, ह्या दोन शब्दांत सातपुड्याचे सर्व डोंगर मावतात.

आणि निहाल. त्यांची निहाली ही भाषा जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. हॉलंडमधील पंडित कुइपर ह्यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज ती बोलणारे काही हजारच उरले असतील. ते बुऱ्हाणपूर व बुलढाणा ह्यांच्या सीमेवरील गावांत, विशेषतः जळगाव-जामोदच्या बाजूस आढळतात. जगातील विद्वानांस जी भाषा रत्नासारखी वाटते ती बोलणाऱ्या लोकांची ओळख आमच्या जुन्या मराठी कागदपत्रांत काय होती? 'नाहल, भिल्ल, कोळी' असा एकत्र उल्लेख, आणि तोही डोंगरातील लुटारू म्हणून. रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात हे नमूद आहे. एवढ्यावरही गोष्ट थांबत नाही. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतांत राबत आले, आणि कोरकू त्यांस आपल्याहून खालचे लेखीत आले. ह्यावरून 'पाहा, त्यांच्यातही भेद आहेतच' असे म्हणून हात झटकणारे सज्जन आमच्या ओळखीचे आहेत. जिन्यास अनेक पायऱ्या आहेत ह्यावरून सर्वांत वरच्या पायरीवर उभा असलेला मनुष्य निर्दोष कसा ठरतो, हे त्यांनी एकदा आम्हांस समजावून द्यावे.

ह्याच तहसिलीत पाचोरी नावाचे गाव आहे. तेथे शिकलगार समाजाची वस्ती आहे. आपले पूर्वज शीख गुरूंच्या फौजांसाठी शस्त्रे घडवीत, अशी त्यांची परंपरा सांगते. वृत्तपत्रांत त्या गावाचे नाव येते ते बहुधा चोरट्या पिस्तुलांच्या बातमीत. गुन्हा करणाऱ्यास कायद्याने शिक्षा करावी, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्या गावातील आठ वर्षांची मुलगी शाळेत आपल्या गावाचे नाव सांगते तेव्हा वर्गात जी कुजबुज होते, तिला कोणत्या कायद्याचा आधार आहे? १८७१ साली इंग्रजांनी जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. स्वतंत्र भारताने १९५२ साली ती यादी मोडली. कायद्याच्या पुस्तकातून ती पुसली गेली, परंतु मुलांच्या खेळातल्या चोर-शिपायात चोर कोणी व्हावयाचे, हे अजून त्याच यादीवरून ठरते.

तेव्हा शाळेत हा विषय निघालाच पाहिजे. प्रश्न आहे तो रीतीचा. आणि रीत शोधावयास आयोवापर्यंत जाण्याची गरज नाही, असे आमचे म्हणणे आहे.

मुक्ता साळवे हे नाव आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यातील शाळेची ती विद्यार्थिनी. मांग जातीत जन्मलेल्या ह्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' पत्रात प्रसिद्ध झाला. वर्गातील निबंध म्हणजे पावसाळा, गाय किंवा माझी शाळा, अशी आमची कल्पना आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्यात एका मुलीने शाळेच्या पाटीवर शिकलेली अक्षरे धर्माच्या ठेकेदारांस जाब विचारण्यासाठी वापरली. मात्र येथे एक सूक्ष्म भेद आहे, तो विसरू नये. मुक्तेने ते आपण होऊन लिहिले, ज्या शाळेत तिला कोणी हसणार नव्हते अशा शाळेत लिहिले. म्हणून उद्या एखाद्या शिक्षकाने वर्गातील त्या कोरकू मुलास उभे करून 'तुझ्यावर झालेला अन्याय सर्वांस सांग' असे फर्माविले, तर ती मुक्तेची परंपरा नव्हे. ती दप्तर उचलविण्याचीच दुसरी तऱ्हा होय.

ह्याच मध्य प्रदेशातील महू येथे १८९१ साली जन्मलेल्या एका बालकाची शाळा साताऱ्यास होती. तो घरून गोणपाट आणीत असे व त्यावर निराळा बसत असे. शाळा झाडणारा गडीसुद्धा त्या गोणपाटास शिवत नसल्यामुळे ते रोज घरी न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्यास पाणी मिळत नसे. शिपाई नसला की पाणी नाही. तोच मुलगा १९०१ साली, नवव्या वर्षी, वडिलांस भेटावयास निघाला असता मसूर स्टेशनावर त्याची व भावंडांची जात कळली आणि दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसेना. मुलांनी बैल हाकावे व गाडीवानाने पायी चालावे, असा तोडगा निघाला. डॉ. आंबेडकरांचा हा प्रवास २००६ च्या सहावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकात, विविधता व भेदभाव ह्या प्रकरणात दिलेला होता. त्याच प्रकरणात खेड्यातील व शहरातील लोकांविषयीची काही विधाने दिली होती आणि त्यांतील कोणती आपणांस पटतात हे मुलांनी खुणेने दाखवावयाचे होते. मूल आपल्याच खुणांकडे पाहून थबकते. कोणी रडत नाही, कोणाचा अपमान होत नाही. आमच्या मते हा स्वाध्याय राइसव्हिलच्या खेळापेक्षा शतपट शहाणपणाचा होता. २०२४ पासून सहावीस नवे पुस्तक लागले आहे. पुस्तके बदलतात, परंतु चांगला स्वाध्याय शिक्षकांनी आपल्या वहीत उतरून ठेवावा, त्यास कोणाची हरकत नसते.

आम्ही स्वतः शिक्षक असतो तर खकनारात काय केले असते? पत्रलेखकांनी हा प्रश्न विचारलेला नाही, पण टीका करणाऱ्यास तो विचारला जावा हे न्याय्य आहे. प्रथम आम्ही फळ्यावर पाणी ह्या अर्थाचे शब्द लिहिले असते. हिंदी व मराठी मुलांचे पानी आणि पाणी. कोरकू मुलाचा 'डा'. निहाल मूल असल्यास त्याचा 'जोप्पो'. आणि आमच्याकडून 'उदक'. ज्या मुलाने वर्षभर तोंड उघडले नाही त्यास ठाऊक असलेला शब्द गुरुजींस ठाऊक नाही, हे सर्व वर्गाने एकदा पाहिले असते. गुरुजींनी तो शब्द चुकीचा उच्चारावा, मुलाने दुरुस्त करावा, वर्ग हसावा. तेवढ्या वेळात जे घडते त्यास आम्ही संस्कार म्हणतो. मग दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या त्या नळाची गोष्ट सांगितली असती. पाणी ह्या शब्दाला आता वजन आलेले असते.

त्यानंतर एक महिना भिंतीवर एक तक्ता. पाणी कोणी भरले, वर्ग कोणी झाडला, गुरुजींचा चहा आणावयास कोण गेले, पाहुणे आले तेव्हा ओवाळणीचे तबक कोणाच्या हाती होते, प्रार्थना कोणी सांगितली, कोणाची वही सर्वांस दाखविली गेली. जातीचा रकाना नाही. फक्त काम आणि नाव, आणि रोज एक रेघ. महिनाअखेर गणिताच्या तासाला मुलांनी रेघा मोजाव्या, अपूर्णांक काढावे. गुरुजींनी उपदेश करू नये. केवळ 'असे का झाले असेल?' एवढे विचारून खिडकीबाहेर पाहत उभे राहावे. झाडूच्या रकान्यात मुलींचीच नावे आहेत, तबकाच्या रकान्यात चार घरांतीलच नावे आहेत, हे पाचवीच्या मुलांस दिसणार नाही असे ज्यांस वाटते त्यांनी पाचवीची मुले पाहिलेली नाहीत. ह्या स्वाध्यायात एकच धोका आहे, आणि तो मुलांस नाही. पाणी भरावयास कोणास पाठविले, तबक कोणाच्या हाती दिले, हे शेवटी गुरुजींनीच ठरविलेले असते. निळे डोळे व तपकिरी डोळे ह्यांचा खेळ शिक्षकांस सोयीचा वाटतो, तो उगीच नव्हे. त्यात अपराधी सदैव दुसरा कोणी असतो.

दुपारच्या भोजनाचाही उल्लेख केला पाहिजे. १९९५ साली ही योजना सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती ह्यांस प्राधान्य द्यावे असे सांगितले. ह्या देशात इतका मोठा पंक्तिभेद-निवारणाचा स्वाध्याय दुसरा झालेला नाही, आणि त्यास कोणी स्वाध्याय म्हणतही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथे दलित बाईंनी रांधलेले अन्न कित्येक मुलांनी नाकारले. ती मुले घरून काय शिकून आली होती? 'मुलांस भेद ठाऊक नसतो' म्हणणाऱ्यांनी ह्याचे उत्तर द्यावे.

आता आमच्या स्वतःकडे. पत्रलेखक म्हणतात की हे काम शाळेचे नव्हे, देवळाचे आहे. आपले उत्सव, आपली संतवाणी, आपले अन्नसंतर्पण मुलांस समता शिकवितात. आम्हांसही असे वाटावे अशी फार इच्छा आहे. परंतु पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस प्राण पणास लावावे लागले. साने गुरुजी पत्रलेखकांचे शेजारीच म्हणावयाचे. अमळनेरच्या शाळेत त्यांनी मुले शिकविली. संतवाणी त्या देवळात सात शतके गायिली जात होती आणि दार बंदच होते. गोमंतकातील आमच्या देवस्थानांचे महाजन कोण, हे १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीच्या आधारे आजही घराण्यांवरून ठरते. आणि ह्याच मासिकाच्या शेवटच्या पानांवर आम्ही वधूवरांच्या ज्या सूचना छापतो, त्या वाचून एखादे चुणचुणीत मूल पोटजातींचा संपूर्ण भूगोल पाठ करू शकेल. ही आमचीच चूक आहे. ती लपवून दुसऱ्यांस शहाणपण शिकविणे आम्हांस शोभणार नाही.

आमच्यात दुसरी परंपरा नव्हती असेही नाही. मंगळुरात कुदमुल रंगराव ह्या सारस्वत वकिलाने १८९७ साली अस्पृश्यांच्या उद्धारासाठी संस्था काढली, त्यांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. स्वजातीयांनी त्यास बहिष्कृत केले. शाळेतून शिकून मोठ्या झालेल्या एखाद्या मुलाने मोटारीतून जावे आणि त्या मोटारीची धूळ आपल्या मस्तकी पडावी, अशी त्यांची इच्छा सांगतात. मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी १९०६ साली जी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली तिचे अध्यक्ष सर नारायण चंदावरकर हेही आमच्यातलेच. आज त्यांच्या नावांचा आम्हांस अभिमान वाटतो, जयंत्यांस आम्ही भाषणे करतो. ज्या पिढीने रंगरावांस पंक्तीतून उठविले तिची नावे मात्र कोणी घेत नाही, कारण ती आमच्याच आजोबा-पणजोबांची आहेत.

आणि तुच्छतेची चव आम्हांस ठाऊक नाही असे थोडेच आहे? १६८४ साली व्हाइसरॉय आल्व्होरने फर्मान काढले की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. तो परकीय होता, त्यास आपण शिव्या देतो. परंतु त्यानंतर आपल्याच शाळांतून कोंकणी बोलणाऱ्या मुलास 'हे काय गावंढळ बोलणे?' म्हणून मराठी पंतोजींनी छडी मारलेली आठवणारे वाचक अजून हयात आहेत. त्यांची पत्रे आम्ही पूर्वी छापली आहेत. ज्यास शाळेत आईची भाषा गिळावी लागली, त्यास खकनारातील गप्प बसलेला मुलगा ओळखू येत नसेल तर आश्चर्य आहे.

पत्रलेखकांस आमची विनंती अशी की त्यांनी खकनारास जावे, शिक्षकांवर खटला भरण्याची जी भाषा पत्रात आहे ती सोडावी, आणि त्यांच्याशी बसून बोलावे. हा मनुष्य चुकला असेल. परंतु ज्या विषयास इतर शिक्षक हातही लावत नाहीत त्यास त्याने हात लावला. जन्ममहिन्यांचा खेळ पुन्हा करू नये, हे त्यास अवश्य सांगावे. मग नातवास घेऊन ते दप्तर उचलणाऱ्या मुलाच्या गावी जावे. हे शेवटचे आम्ही विनोदाने लिहीत नाही.

आमच्यापुरते म्हणाल तर ह्या मासिकाशी संलग्न असलेल्या विद्यार्थी-साहाय्य निधीच्या नियमांत 'ज्ञातीतील गरजू विद्यार्थी' असे शब्द आहेत. त्यांतील पहिला शब्द गाळावा, आणि निधीचा काही भाग आदिवासी मुलांच्या बोलीतील वाचनाच्या पुस्तकांकरिता राखून ठेवावा, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहो. पैसा आमच्या पूर्वजांनी आमच्या मुलांसाठी ठेवला, तो बाहेरच्यांस का द्यावा, असा प्रश्न येणार हे आम्हांस ठाऊक आहे. दोघा विश्वस्तांनी तो आधीच विचारला आहे. ज्यांस ठरावाविरुद्ध लिहावयाचे असेल त्यांनी सभेपूर्वी पत्र पाठवावे. नावासह असेल तर आम्ही ते संपूर्ण छापू, बुऱ्हाणपूरच्या पत्रासकट.